भास्कराचार्यांची द्विविध उपपत्ति आणि बीजगणिताचा विद्यार्थी

भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील सूत्रें व उदाहरणें यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोलब्रुकनें इ. स. १८१७ सालीं लीलावती व बीजगणित यांचें इंग्रजी भाषांतर लंडनांत प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून आचार्यांनीं काय सोडविलें हा प्रश्न विद्वानांनीं वारंवार हाताळला. परंतु तें त्यांनीं शिष्यास कसें शिकविलें, शिष्याची बुद्धि कोठें अडते असें त्यांस दिसलें, आणि गणित करून आलेल्या उत्तरावर विश्वास केव्हां ठेवावा व केव्हां ठेवूं नये याविषयीं त्यांचा दंडक काय होता, हे प्रश्न त्या मानानें मागें पडले. यांचीं उत्तरें सूत्ररूप श्लोकांत सांपडत नाहींत. तीं श्लोकांखालील गद्यांत, म्हणजे आचार्यांच्या स्वतःच्या विवरणांत व टीकाकारांच्या लिखाणांत आहेत. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या विद्वान् मित्रांपुढें हा विषय मांडण्याचें धाडस आम्ही त्याच कारणानें करीत आहों.

या शोधास लागण्याचें निमित्त मात्र ग्रंथांतलें नसून वर्गांतलें आहे, आणि तें आम्हांस भूषणावह नाहीं. आम्हीं तीसहून अधिक वर्षें नव्या मुंबईंत संस्कृत व गणित हे दोन्ही विषय शिकविले. एके वर्षीं वर्गसमीकरणाचीं दोन उत्तरें फळ्यावर काढून त्यांतलें एक आम्हीं खोडलें, तेव्हां एका मुलीनें उभें राहून विचारलें, "सर, दुसरं उत्तर का टाकायचं? तेही समीकरणात बसतंय." आम्हीं सांगितलें कीं, पुस्तकाच्या मागें पहिलेंच दिलें आहे. ती मुलगी खालीं बसली. तिचें समाधान झालें नाहीं हें आम्हांस त्याच क्षणीं कळलें होतें. पण अभ्यासक्रम पुरा करावयाचा होता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस उत्तर येत नव्हतें. निवृत्तीनंतर बीजगणित ग्रंथ सविवरण वाचूं लागलों, तेव्हां हाच प्रश्न आचार्यांनीं सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं स्वतःस विचारून त्याचा निर्णय करून ठेवलेला आढळला. संस्कृत जाणणाऱ्या गणिताच्या शिक्षकानें तो इतकीं वर्षें पाहूं नये, ही चूक आमची.

आचार्यांचे ग्रंथ हे अध्यापनाचे ग्रंथ होते, यास शिलालेखाचा पुरावा आहे. शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें जन्मलेल्या आचार्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, सिद्धांतशिरोमणि पुरा केला. चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर पाटण येथें जो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांस सांपडला, व जो पुढें कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिआ इंडिकाच्या पहिल्या खंडांत संपादिला, तो शके ११२८ (इ. स. १२०७) मधील दानाचा आहे. त्यांत आचार्यांची वंशावळ आहे. पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या पदरीं नेलें. पौत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवानें आपल्या आजोबांचे सिद्धांतशिरोमणिप्रभृति ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. लेखाचा बराचसा भाग संस्कृत असून शेवटीं मठास काय काय द्यावयाचें त्याची तपशीलवार नेमणूक तत्कालीन मराठींत आहे. ग्रंथ पुरा झाल्यावर साठ वर्षांच्या आंत त्याच्या अध्यापनासाठीं स्वतंत्र मठ निघावा, आणि त्याच्या खर्चाची तजवीज मराठी भाषेंत दगडावर कोरली जावी, ही आमच्या शिक्षणाच्या इतिहासांतील लहान गोष्ट नव्हे.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. बीजगणितांत मध्यमाहरणाच्या, म्हणजे वर्गसमीकरणाच्या, प्रकरणांत वानरांचीं दोन उदाहरणें आहेत. पहिल्यांत कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत खेळत आहे व बारा वानर टेकडीवर आहेत. एकंदर किती, असा प्रश्न. उत्तरें ४८ व १६. अठ्ठेचाळिसाचा अष्टमांश ६, वर्ग ३६, त्यांत १२ मिळवून ४८. सोळांचा अष्टमांश २, वर्ग ४, त्यांत १२ मिळवून १६. आचार्य दोन्ही उत्तरें मान्य करितात. दुसऱ्यांत कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेंत गेला आहे, व एक वानर फांदीवर चढलेला दिसतो. येथें उत्तरें ५० व ५ येतात. पन्नासांचा पंचमांश १०, तीन वजा केल्यावर ७, वर्ग ४९, वरचा एक धरून ५०. पांचांचा पंचमांश १. त्यांतून तीन वजा करितां ऋण २. त्याचा वर्ग धन ४. वरचा एक धरून ५. समीकरण दोहोंसही संमति देतें. तरी आचार्य पांच हें उत्तर घेत नाहींत. त्यांचें कारण असें कीं, डोळ्यांसमोरची व्यक्त राशि ऋण होते हें लोकांस पटत नाहीं. एका वानरांतून तीन वानर कोणी वजा करूं शकत नाहीं. वर्ग केल्यानें तो दोष झांकला जातो इतकेंच.

याच प्रकरणांत शंकुच्छायेचें उदाहरण आहे, आणि तें अधिक सूक्ष्म आहे. बारा अंगुळें शंकूच्या छायेंतून कर्णाचा तृतीयांश वजा केला तर चौदा उरतात, छाया किती? उत्तरें साडेबावीस व नऊ येतात. दोन्ही धन आहेत. ऋणाची अडचण वरकरणीं कोठेंच नाहीं. पण छाया नऊ धरली तर कर्ण १५ येतो, त्याचा तृतीयांश ५, व बाकी ४ उरते, चौदा नव्हे. शिवाय जी छाया मुळांतच चौदांहून कमी आहे, तिच्यांतून कांहीं वजा करून चौदा उरणार कोठून? म्हणून नऊ हें उत्तर त्याज्य. हें उदाहरण आचार्यांनीं पूर्वाचार्य पद्मनाभ यांच्या द्विविध मूलाच्या नियमास व्यभिचार दाखविण्यासाठीं योजिलें आहे. पूर्वसूरींचा नियम शिष्यापुढें ठेवावयाचा, तो जेथें चालतो तें उदाहरण द्यावयाचें, जेथें फसतो तेंही द्यावयाचें, आणि निर्णय मूळ प्रश्नाकडे परत जाऊन करावयाचा, अशी ही रीत आहे. गोलाध्यायांत आचार्य म्हणतात त्याचा आशय असा कीं, बीजगणित म्हणजे अक्षरें नव्हेत. बुद्धि हेंच बीज. वरील उदाहरणें पाहिलीं म्हणजे हें वाक्य नुसती स्तुति नसून अध्यापनाचा नियम आहे हें ध्यानांत येतें.

दुसरा प्रश्न शिष्यांच्या बुद्धिभेदाचा. भावित प्रकरणांत, म्हणजे जेथें दोन अव्यक्तांचा गुणाकार येतो तेथें, आचार्यांनीं असें उदाहरण घेतलें आहे: दोन राशींपैकीं एकीची चौपट व दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेंत दोन मिळविले तर त्या दोहोंचा गुणाकार येतो, त्या राशि कोणत्या? येथें ते सांगतात कीं उपपत्ति सर्वत्र दोन प्रकारची असते, एक क्षेत्रगत व दुसरी राशिगत. क्षेत्रगत उपपत्ति आजच्या अक्षरांनीं मांडावयाची तर अशी. क्ष व य या बाजूंचा आयत काढावा. त्यांतून चार रुंदीची, क्ष लांबीची एक पट्टी व तीन रुंदीची, य लांबीची दुसरी पट्टी वेगळी करावी. दोन्ही पट्ट्या कोंपऱ्यांत एकमेकींवर येतात, आणि तो कोंपरा तीन गुणिले चार, म्हणजे बारांचा, दोनदां मोजला जातो. म्हणून उरलेला लहान आयत दोनांचा नसून दोन अधिक बारा, म्हणजे चौदांचा. त्याच्या बाजू क्ष उणे ३ व य उणे ४. चौदांचे अवयव १ व १४ किंवा २ व ७. म्हणून राशींच्या जोड्या ४ व १८, १७ व ५, ५ व ११, १० व ६. राशिगत उपपत्तींत त्याच लहान आयताच्या बाजूंस नीलक व पीतक हीं नवीं अव्यक्तें कल्पून तेंच फल समीकरणानें काढिलें आहे. आणि पुढें आचार्य स्पष्ट सांगतात कीं, ज्यांस क्षेत्रगत उपपत्ति उमगत नाहीं त्यांस ही राशिगत दाखवावी.

या एका विधानाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. शिष्य अडला तर तो मंद आहे असा निकाल न देतां रीत बदलावी, असा त्याचा अर्थ आहे. पण त्याहून पुढचाही एक अर्थ आहे. राशिगत उपपत्तिही क्षेत्रांतच अंतर्भूत आहे, असें आचार्य त्याच ठिकाणीं म्हणतात. म्हणजे हे दोन मार्ग दोन जातींच्या विद्यार्थ्यांचे नव्हेत. एकाच अर्थाचीं तीं दोन दर्शनें आहेत, आणि ज्यास एक दिसलें त्यास दुसरें दाखविण्याची वाट मोकळी आहे.

याची प्रचीति आम्हीं वाशीस शेजारच्या दोन मुलांवर घेतली. दोघेंही नववींत. मुलानें आकृति काढून चौदा कोठून आले तें झटकन सांगितलें. मुलीनें आकृति न काढतां अक्षरांनीं अवयव पाडले. दोघांनीं एकमेकांची रीत समजावून द्यावी असें आम्हीं सांगितलें, तेव्हां निराळीच गोष्ट घडली. मुलीनें विचारलें, चौदा हे ऋण एक व ऋण चौदा यांचाही गुणाकार नाहीं काय? त्यावरून २ व ऋण १० ही जोडी निघाली. चौपट ८, तिप्पट ऋण ३०, वर दोन. बेरीज ऋण २०, आणि गुणाकारही ऋण २०. मुलाच्या आकृतींत ही जोडी दिसणें शक्यच नव्हतें. उलट बारा कां मिळवावे लागतात हें त्या मुलीस आकृति पाहीपर्यंत नीट कळलें नव्हतें. ती तें पाठ केल्याप्रमाणें करीत होती. आम्हांस आढळलें तें इतकेंच कीं, प्रत्येक रीतीस दुसरीस न दिसणारें कांहीं दिसतें. ऋण जोडी ठेवावी कीं टाकावी, हा प्रश्न मग दोघांनींच चर्चिला. राशि नुसत्या संख्या असतील तर ठेवावी, वानर असतील तर टाकावी, असें ठरलें. आमच्या विद्यार्थिनीस तेव्हां हेंच उत्तर द्यावयास हवें होतें.

आचार्यांची ही परंपरा टीकाकारांनीं खंडित होऊं दिली नाहीं. नव्या मुंबईचा दक्षिण भाग ज्या रायगड जिल्ह्यांत मोडतो, त्याच जिल्ह्यांत मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगांव, म्हणजे नंदिग्राम, आहे. तेथील गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ (इ. स. १५४५) मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली. गणित व्यक्त असो वा अव्यक्त, उपपत्तीवांचून तें निःसंशय होत नाहीं व विद्वत्सभेंत मान पावत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. शिष्यांची बुद्धि वाढावी हा टीकेचा हेतु. त्यांच्याच शिष्यपरंपरेंतील कृष्ण दैवज्ञ, मूळचे विदर्भांतील दधिग्रामच्या घराण्याचे व पुढें काशीस राहिलेले, यांनीं इ. स. १६०० च्या सुमारास बीजगणितावर बीजपल्लव टीका केली. ऋण म्हणजे काय हें समजाविण्यास ते तीन वाटा दाखवितात: देशानें, कालानें व वस्तूनें. पूर्वेकडचें जाणें धन धरिलें तर पश्चिमेकडचें ऋण. पुढचा काल व मागचा काल. पदरचें द्रव्य व डोक्यावरचें कर्ज.

याच टीकेंत उदाहरणें पाहून नियम मानणाऱ्यास दिलेला एक इशारा आहे. कोणी म्हणेल कीं, दोन राशींच्या गुणाकाराची चौपट ही त्यांच्या बेरजेच्या वर्गाइतकी असते. २ व २ घ्या: गुणाकाराची चौपट १६, बेरजेचा वर्ग १६. ३ व ३ घ्या: ३६ व ३६. ४ व ४ घ्या: ६४ व ६४. तीन ठिकाणीं जमलें म्हणून नियम खरा काय? राशि विषम घेतांच तो मोडतो. २ व ३ यांत एक बाजू २४ येते, दुसरी २५. म्हणून कांहीं ठिकाणीं जुळणें ही उपपत्ति नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं चार उदाहरणें सोडवून नियम कळला असें मानणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस, आणि तसें मानूं देणाऱ्या आम्हां शिक्षकांस, हा इशारा आजही लागू आहे.

एवढा द्विविध मार्ग उघडा असतां पुढें मात्र एक गैरसमज रूढ झाला. दिल्ली कॉलेजांतील मास्तर रामचंद्र यांनीं इ. स. १८५० मध्यें महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न केवळ बीजगणितानें सोडविणारा ग्रंथ कलकत्त्यास छापविला. डी मॉर्गन यांनीं तो १८५९ मध्यें लंडनांत पुन्हां प्रसिद्ध केला. ग्रंथ खरोखर बुद्धिमत्तेचा आहे. पण भारतीय विद्यार्थ्याचा कल बीजगणिताकडे, भूमितीकडे नव्हे, असें त्यामागील गृहीत होतें. हेतु उदात्त होता. तरी एका सबंध लोकसमूहास एकच बौद्धिक वळण आहे असें त्यांत आलें, आणि ज्या भास्कराचार्यांचा आधार घ्यावयाचा त्यांनीं सर्वत्र क्षेत्रगत उपपत्तिही सांगितली आहे याचा विसर पडला. आमच्या काळांत हेंच गृहीत लहान प्रमाणावर परत आलें. विद्यार्थी दृश्य, श्राव्य व कृतिप्रधान अशा वर्गांचे असतात व ज्यास त्यास त्याच्याच वर्गाच्या रीतीनें शिकवावें, असें शिक्षकांच्या मेळाव्यांत ऐकावयास मिळतें. इ. स. २००८ मध्यें चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनीं या मताची छाननी करून असा निर्णय दिला कीं, वर्ग पाडून त्याबरहुकूम शिकविल्यानें शिक्षण सुधारतें असें मानण्यास पुरेसा आधार नाहीं. भावित प्रकरणांतील आचार्यांचें विधान या निर्णयाशीं विसंगत नाहीं. तेथें अडलेल्यास दुसरी वाट दाखवा असें म्हटलें आहे; त्यास त्याच वाटेवर कायमचा ठेवा असें म्हटलेलें नाहीं.

आमच्या घरापासून खाडीपलीकडे मानखुर्दास टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील राखी बॅनर्जी व के. सुब्रमण्यम यांचा बीजगणिताच्या आरंभाविषयींचा निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. नुकतेंच बीजगणिताच्या उंबरठ्यावर आलेल्या मुलांस पदावली ही सुट्या आज्ञांची मालिका म्हणून न शिकवितां पदांचा समूह म्हणून शिकवावी, अशी त्यांतील पद्धति. १९ उणे ७ अधिक ४ यांत पदें तीन: धन १९, ऋण ७, धन ४. चिन्ह संख्येस चिकटलेलें असतें. म्हणून मूल सात व चार यांची आधीं बेरीज करण्याच्या चुकींतून सुटतें, आणि दोन पदावल्या सारख्या आहेत कीं नाहींत हें आकडेमोड न करतां सांगूं लागतें. हें वाचतांच आम्हांस जुनी लेखनपद्धति आठवली. बीजगणितांत ऋण राशीच्या डोक्यावर बिंदु देण्यास सांगितलें आहे. तेथें वजाबाकीचें निराळें चिन्ह नाहीं. ऋणत्व त्या त्या राशीच्या अंगावरच वाहिलेलें असतें. हें साम्य योगायोगाचें असेल. तरी जी अडचण आजच्या मुलास येते ती जुन्या लेखनांत उद्भवतच नव्हती, हें नोंदण्यासारखें आहे.

येथेंच संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे. ऋणाचा बिंदु ही पोथींतील सर्वांत लहान खूण. लेखकाच्या हातून तो सुटला, किंवा किड्यानें खाल्ला, कीं ऋणाचें धन होतें. क्षेत्रगत उपपत्तीच्या आकृतींसाठीं सोडलेली जागा पुष्कळ पोथ्यांत कोरीच राहिलेली आम्हीं पाहिली आहे. श्लोक तेवढे उतरून विवरण गाळलेल्या पोथ्याही पाहिल्या आहेत. सूचींत ग्रंथनाम, लेखनकाल व पत्रसंख्या आपण नोंदतोंच. त्याबरोबर विवरण आहे कीं नाहीं, आकृति आहेत कीं नाहींत, बिंदु शाबूत आहेत कीं नाहींत, आणि समासांत कोणा विद्यार्थ्यानें केलेली आकडेमोड आहे काय, हें चार शब्दांत नोंदावें. दप्तरांच्या तळाशीं पडलेलीं गणितांचीं सुटीं पानें ग्रंथ नव्हेत म्हणून रद्दींत टाकूं नयेत. आचार्यांनीं काय सांगितलें तें छापील ग्रंथांत मिळेल. पण एखाद्या अनामिक शिष्यानें पांच हें उत्तर लिहून मग स्वतःच्या हातानें खोडलें असेल, तर तें फक्त त्या पानावरच मिळेल.

असो. पाटणचा मठ आज नाहीं, शिलालेख आहे. लेखांत मठाचा हेतु कोरला आहे, मठांत विचारले गेलेले प्रश्न कोरलेले नाहींत. आमच्या वर्गांतील त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें, पण जिनें तो विचारला तिला तें वेळेवर देतां आलें नाहीं. पुढच्या शिक्षकास तें वेळेवर सांपडावें, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच. इत्यलम्.